रचना टिकते किती?

पदवीच्या वर्गातले विद्यार्थी जनुकांची नवी मांडणी करू शकतात का, या प्रश्नाचे उत्तर जगाला मिळून वीस वर्षे होऊन गेली. करू शकतात, त्यांनी केलीही आहे, आणि त्यातली काही कामे पुढे मोठ्या प्रयोगशाळांनी उचलली आहेत. जालना जिल्ह्यातून या विषयाकडे पाहताना मला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. इथल्या बीएस्सीच्या मुलामुलींनी या क्षेत्रात नेमके काय शोधावे? परदेशातल्या चमूंनी केलेलेच पुन्हा करून दाखवावे, की या जिल्ह्याने ज्या गोष्टीची किंमत स्वतः मोजली आहे तिथून सुरुवात करावी? बियाण्यांच्या जिल्ह्याला हे विचारण्याचा जेवढा हक्क आहे, तेवढा महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल.

आधी क्षेत्राची ओळख. संश्लेषित जीवशास्त्र, म्हणजेच सिंथेटिक बायोलॉजी, जनुकांकडे सुट्या भागांच्या नजरेने पाहते. एखादे जनुक कधी चालू व्हावे, किती वेळ चालावे, कोणत्या खुणेवर थांबावे, हे आधी कागदावर ठरवायचे, तसा डीएनए बनवून घ्यायचा आणि जिवाणूत घालून तो तसाच वागतो का हे तपासायचे. याचे एक मूळ हरगोविंद खोराना यांच्या कामात आहे. 1970 मध्ये त्यांच्या गटाने यीस्टमधले 77 अक्षरजोड्यांचे एक जनुक रसायनांपासून बांधले आणि 1976 मध्ये जिवाणूत प्रत्यक्ष काम करणारे जनुकही तयार केले. कित्येक संशोधकांची कित्येक वर्षे त्यात गेली. आज डीएनएच्या एका अक्षराला साधारण सात ते दहा अमेरिकी सेंट पडतात. हजार अक्षरांचे जनुक सहा ते नऊ हजार रुपयांत बनून येते, वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळे. पदवीचा विद्यार्थी या क्षेत्रात येऊ शकला तो मुख्यतः या उतरलेल्या किमतीमुळे.

क्षेत्राला आजचे रूप आले ते जानेवारी 2000 मध्ये. ‘नेचर’ या नियतकालिकात तेव्हा दोन शोधनिबंध शेजारी शेजारी छापून आले. एका गटाने ई. कोलाय जिवाणूत दोन जनुकांचे बटण बसवले होते, एक चालू झाले की दुसरे बंद. दुसऱ्या गटाने तीन जनुके एकमेकांना दाबतील अशी साखळी केली आणि जिवाणू ठरावीक काळाने उजळू-मावळू लागला. तीनच वर्षांनी, जानेवारी 2003 मध्ये, अमेरिकेच्या एमआयटीत विद्यार्थ्यांसाठी याच विषयाचा महिनाभराचा वर्ग भरला. 2004 च्या उन्हाळ्यात त्याची स्पर्धा झाली, तेव्हा पाच विद्यापीठांचे चमू होते. आयजेम नावाची ती स्पर्धा आता दरवर्षी जगभरातले चारशेहून अधिक चमू खेळतात आणि अंतिम मेळावा पॅरिसमध्ये भरतो. पहिल्याच वर्षी टेक्सासच्या चमूने प्रकाश ओळखणाऱ्या जिवाणूंचा थर बनवला होता. त्यावर छायाचित्र उमटत असे.

त्यानंतरची सगळी यादी इथे देत नाही. पण तीन-चार कामे अशी आहेत की त्यांतून पदवीच्या विद्यार्थ्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात.

2006 मध्ये एडिंबराच्या विद्यार्थ्यांनी पाण्यात आर्सेनिक असेल तर आम्लता बदलून रंग पालटेल असा जिवाणू रचला. बांगलादेशातल्या विहिरींसाठी स्वस्त चाचणी मिळावी हा त्यामागचा हेतू. कल्पना सोपी होती, काम नेमके होते, आणि पुढे अनेकांनी त्याच वाटेने संवेदक बनवले. तरीही गावागावांत वापरता येईल अशी चाचणी त्यातून लगोलग हाती आली नाही. जिवंत, जनुके बदललेला जिवाणू लोकांच्या हाती कसा द्यायचा, हा प्रश्न आडवा आला.

दुसरे काम जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले. तिथे 2007 पासून ‘जीनोम बांधा’ असा पदवीचा अभ्यासक्रमच चालवला गेला. प्रत्येक विद्यार्थ्याने यीस्टच्या गुणसूत्राचा सुमारे 750 अक्षरांचा एकेक तुकडा जोडायचा, तपासायचा, चुकला तर पुन्हा करायचा. सात वर्षांत सुमारे साठ विद्यार्थ्यांच्या हातून यीस्टचे तिसरे गुणसूत्र, 2,72,871 अक्षरांचे, पूर्ण झाले आणि मार्च 2014 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकांत पहिल्या क्रमांकावर नाव होते नारायण अन्नालुरू यांचे. मला या कामाचे मोल स्पर्धेतल्या पदकांहून जास्त वाटते. इथे कोणी एका उन्हाळ्यात चमत्कार करायला निघाले नव्हते. एका तुकडीचे अर्धे राहिलेले काम पुढच्या तुकडीने हाती घेतले. आपल्या महाविद्यालयांना असेच काम झेपण्यासारखे आहे.

भारतातून पहिला चमू 2006 मध्ये गेला तो बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेचा. 2009 मध्ये त्याच शहरातल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या पावसाचा वास, म्हणजे जिओस्मिन, तयार करणारा जिवाणू हाती घेतला. चित्र-शिल्प शिकणारी मुले जनुकांशी काम करताना पाहून तेव्हा अनेकांना नवल वाटले. महाराष्ट्रातून पुण्याच्या आयसरचे चमू गेले, 2017 मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा चमू गेला. त्याच संस्थेचे मराठवाडा संकुल 2018 पासून जालन्यात आहे. म्हणजे या स्पर्धेचा अनुभव असलेली संस्था जिल्ह्याच्या दारात येऊन पोचली आहे. पण स्पर्धेची नोंदणीच काही हजार डॉलरची. त्यावर रसायने आणि प्रवास. जालना, अंबड, भोकरदनच्या महाविद्यालयातल्या मुलांना तो मार्ग आज परवडणारा नाही, आणि तो एकच मार्ग आहे असेही नाही.

आता जालन्याकडे वळू. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून निघालेला हा माणूस संकरित ज्वारी, बाजरी आणि कपाशीपर्यंत पोचला आणि 1998 मध्ये त्याला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जिल्ह्यातले शेतकरी परागीकरणाचे काम शिकले. मादी ओळ, नर ओळ, फुलातले पुंकेसर काढणे, दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावणे, हे बीजोत्पादन करणाऱ्या घरांतल्या बायांच्या बोटांत बसलेले ज्ञान आहे. मग 26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने, म्हणजे जीईएसीने, देशातल्या पहिल्या जनुकीय पिकाला परवानगी दिली. ते महिकोचे तीन कपाशी संकर होते, मेक-12, मेक-162 आणि मेक-184. मातीतल्या बीटी नावाच्या जिवाणूचे, बोंडअळीला मारक प्रथिन देणारे क्राय1एसी हे जनुक त्या कपाशीत होते. 2006 मध्ये दोन जनुकांची बीजी-2 आली.

सुरुवातीला अमेरिकन बोंडअळीचा जोर ओसरला, फवारण्या कमी झाल्या. पण शेंदरी बोंडअळी, जिला आता सगळे गुलाबी म्हणतात, तिने वेगळा मार्ग काढला. 2010 मध्ये गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत तिने क्राय1एसीला दाद देणे सोडल्याचे हे तंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडूनच जाहीर झाले. पुढच्या काही वर्षांत बीजी-2 चीही तीच गत झाली. 2017 च्या खरिपात महाराष्ट्रात जे झाले ते मराठवाड्यातल्या प्रत्येक कपाशीवाल्याला आठवते. डोमकळ्या, फोडली की आत अळी निघणारी बोंडे आणि व्यापाऱ्याने बाजूला सारलेली कवडी.

हे का झाले, याची कारणे संश्लेषित जीवशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असायला हवीत. पहिले कारण, ही अळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते, म्हणून तिच्यावर निवडीचा ताण सतत राहतो. दुसरे, 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगरबीटीची पुडी येत असे. ती कडेने लावायची, म्हणजे प्रतिकार नसलेले पतंग तयार होत राहतील आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होईल. ती पुडी फार थोड्यांनी लावली. तिसरे, फरदड. हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून अळीला आणखी पिढ्या मिळाल्या. चौथे कारण कमी बोलले जाते, आणि मला ते सर्वांत शिकण्यासारखे वाटते. भारतात बीटी कपाशी मुख्यतः संकरित बियाण्याच्या रूपाने आली. संकराच्या दोन पालकांपैकी एकाकडूनच बीटी जनुक येत असेल, तर शेतातल्या झाडाच्या बोंडात चारातल्या साधारण एका सरकीत ते जनुक नसते. शेंदरी अळी सरकीच खाते. एकाच बोंडात विषारी आणि निर्विष सरकी मिळाली की तिला विषाची अर्धवट मात्रा मिळते, आणि अर्धवट मात्रेखाली प्रतिकार जोपासला जातो. ज्या देशांनी सरळ वाणात हे जनुक बसवले तिथे ही अडचण नव्हती. अमेरिकेने तर बीटी कपाशी, किरणांनी वंध्य केलेले पतंग आणि कामगंध यांचा एकत्र वापर करून 2018 मध्ये ही अळी देशातून संपल्याचे जाहीर केले.

जनुक चांगले होते. ते ज्या व्यवस्थेत बसवले तिच्यात उत्क्रांतीचा हिशेब अपुरा होता. जालन्याने हा धडा खरोखरच्या उत्पन्नातून मोजला आहे, म्हणून माझे म्हणणे असे की इथल्या विद्यार्थ्याने ‘मी नवे काय बनवू’ या प्रश्नाआधी ‘बनवलेले किती पिढ्या टिकते’ हा प्रश्न धरावा. संश्लेषित जीवशास्त्रात हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही, आणि तो साध्या सामग्रीने विचारता येतो.

तो कसा, हे जवळून पाहू. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये हिरवे चमकणारे प्रथिन देणारा प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे वर्तुळ, घालतात. बर्फात ठेवलेल्या जिवाणूंत डीएनए मिसळायचा, 42 अंशांवर पाऊण मिनीट धरायचा, पुन्हा बर्फात, मग पोषक द्रावणात तासभर, मग ताटलीवर पसरवून 37 अंशांत रात्रभर. सकाळी निळ्या प्रकाशात ताटली धरली की हिरव्या वसाहती दिसतात. बहुतेक महाविद्यालयीन प्रकल्प इथेच थांबतात, फोटो काढून. प्रयोग खरे तर इथून सुरू होतो. यातला जिवाणू दहा मिलिलीटर द्रावणात रोज वाढवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यातला शंभरावा हिस्सा नव्या द्रावणात टाकायचा. शंभरपट वाढायला साडेसहाच्या आसपास पिढ्या लागतात, म्हणजे दहा दिवसांत पासष्टच्या वर पिढ्या होतात. रोज ताटलीवर पसरवून हिरव्या किती आणि पांढऱ्या किती ते मोजायचे. प्लाझ्मिड नसलेल्या पेशींना मारणाऱ्या प्रतिजैविकाचा धाक द्रावणातून काढला की पांढऱ्या वाढू लागतात, कारण प्रथिन बनवण्याचा भार टाकून दिलेली पेशी जास्त वेगाने वाढते. धाक ठेवला तरी कधी कधी जनुकातच बदल होऊन चमक जाते. मग भार कमी केला तर किती टिकते? पोषण बदलले तर? तेच जनुक प्लाझ्मिडऐवजी गुणसूत्रात बसवले तर?

ही पद्धत रिचर्ड लेन्स्की यांची आहे. त्यांनी फेब्रुवारी 1988 मध्ये बारा चंबूंत ई. कोलाय रोज शंभरास एक या प्रमाणात पुढे नेणे सुरू केले आणि तो प्रयोग सत्तर हजारांहून जास्त पिढ्या चालला. त्याला महागडे यंत्र लागले नाही, लागली ती रोजची शिस्त. नमुने गोठवून ठेवायची सोय मात्र हवी, म्हणजे मागची पिढी पुन्हा उठवून तुलना करता येते. आपल्याकडच्या अनेक बीएस्सी महाविद्यालयांत उणे 80 अंशांचा फ्रीज नसतो, असला तर वीज गेल्यावर त्याची चिंता असते. ग्लिसरॉल घालून उणे 20 वर काही महिने काम भागते, एका प्रकल्पापुरते तेवढे पुरे.

दुसरा विषय थेट शेतातून येतो. शेंदरी बोंडअळीचा मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडतो तो 1973 मध्ये ओळखला गेला. एकाच साखळीच्या दोन रूपांचे समसमान मिश्रण. आपले कामगंध सापळे त्याच्याच ल्यूरवर चालतात. हेक्टरी पाच सापळे लावायचे, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा निर्णय घ्यायचा, ही शिफारस शेतकरी पाळत आले आहेत. 2014 मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियातल्या विद्यार्थ्यांनी आयजेमसाठी असे रोप रचायला घेतले की जे स्वतःच पतंगाचा कामगंध सोडेल. त्यातून युरोपातल्या संशोधनाला पुढची वाट मिळाली, आणि 2022 मध्ये कॅमेलिना नावाच्या तेलबियेत कामगंधाचा मूळ रेणू तयार करून दाखवण्यात आला. शेंदरीचा गंध त्याहून अवघड, कारण त्याच्या साखळीत सातव्या आणि अकराव्या अशा दोन ठिकाणी दुहेरी बंध हवेत. कोणत्या कीटकाचे कोणते विकर हे बंध घालू शकेल याचा शोध हे बरेचसे संगणकाचे काम आहे. जनुकसंग्रह मोफत आहेत, 2022 पासून वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना अल्फाफोल्डच्या संग्रहात खुल्या आहेत, आणि ब्राउझरवर चालणाऱ्या साधनांना घरचा संगणक पुरतो. घनसावंगीत बसलेल्या विद्यार्थिनीला यासाठी पुण्यातल्या कोणाहून कमी साधने नाहीत. सापळ्यातले पतंग मोजायची सोय तर तिच्याकडे जास्तच आहे.

ओल्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या, प्रयोगांसाठीही एक वाट उघडली आहे. 2014 मध्ये जिवाणूतले यंत्र बाहेर काढून कागदावर वाळवून ठेवायची पद्धत आली. पाणी टाकले की ते जागे होते आणि दिलेल्या जनुकाप्रमाणे प्रथिन बनवते. 2018 मध्ये त्यावरून शाळा-महाविद्यालयांसाठी संच तयार झाले. त्यात जिवंत पेशी नाही, त्यामुळे शीतसाखळीची चिंता कमी आणि पर्यावरणात काही सुटण्याची भीतीही कमी. एडिंबराच्या कामाला आलेली अडचण इथे बरीचशी मिटते. विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट किंवा फ्लोराइड ओळखणारी कागदी चाचणी हा आपल्या भागासाठी योग्य विषय आहे. साधी रासायनिक चाचणी जिथे पुरते तिथे मात्र तीच वापरावी.

कायद्याबद्दल थोडक्यात पण स्पष्ट. 1989 च्या नियमांनुसार जनुकबदलाचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती हवी, तिच्यावर केंद्रात आरसीजीएम ही आढावा समिती आणि पर्यावरणात सोडण्याच्या बाबतीत जीईएसी. वर सांगितलेला निरुपद्रवी ई. कोलायचा प्रयोग सर्वांत खालच्या धोकागटात येतो, तरी समितीला कळवल्याशिवाय तो सुरू करायचा नसतो, आणि उरलेले सगळे द्रावण 121 अंशांवर निर्जंतुक करूनच टाकायचे असते. शेतात काहीही सोडणे हा पदवीच्या विद्यार्थ्याचा विषय नव्हे. इथे मला ढिलाई अजिबात मान्य नाही. महिकोच्याच बीटी वांग्याला 2009 मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दिला, आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी केंद्र सरकारने त्यावर स्थगिती आणली. तेच वांगे 2014 पासून बांगलादेशात पिकते आहे. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी उघडपणे पेरली. परवानगीची प्रक्रिया रेंगाळते तेव्हा बियाणे चोरवाटेने येते आणि त्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. मार्च 2022 मध्ये बाहेरचे जनुक न राहणाऱ्या काही जनुकसंपादित वनस्पतींना कडक नियमांतून सूट मिळाली, मे 2025 मध्ये तशा दोन भातवाणांची घोषणा झाली. हा फरक समजणारी मुले जिल्ह्यात हवीत, कारण पुढची बियाणी याच दारातून येणार आहेत.

पैसा आणि मार्गदर्शन ही मोठी उणीव आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेने 2008 पासून काही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा सुधारल्या. राज्यात 2006 पासून ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा आहे आणि तिच्यात पदवीचा स्वतंत्र गट असतो. पण आविष्कारचे काम बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांत उरकले जाते, पोस्टर लागते आणि वही बंद होते. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी शून्यापासून सुरुवात करतो. जॉन्स हॉपकिन्सची सात वर्षे आठवावी ती इथे. एकच प्रश्न, एकच वही, दरवर्षी नवे हात असे चालले तर पाच वर्षांत जालन्याच्या नावावर छापण्याजोगे काम उभे राहील. जिवाणूंचे नमुने पुण्यात एनसीएल या प्रयोगशाळेच्या संग्रहातून मिळतात. ज्या बियाणे कंपन्या जनुकीय काम करतात त्यांच्याकडे जैवसुरक्षा समित्या नियमानेच आहेत. त्यांनी वर्षातले काही आठवडे चार-सहा विद्यार्थ्यांसाठी एक बाक मोकळा ठेवावा, ही मागणी मोठी नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे बीडीएन-711 सारखे वाण दिले, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र रोज शेतकऱ्यांशी बोलते. या दोन्ही ठिकाणच्या मंडळींनी मुलांचे प्रश्न तपासून द्यावेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा पर्याय आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी 12 श्रेयांकांचा प्रकल्प करता येतो. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ही पद्धत 2024-25 पासून लागू झाली, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतली पहिली तुकडी जून 2027 मध्ये चौथ्या वर्षात पाऊल ठेवील. त्याआधी प्रत्येक महाविद्यालयाने मार्गदर्शक, भागीदार संस्था आणि समितीची परवानगी ठरवून ठेवायला हवी, कारण एकट्या परवानगीतच एक सत्र जाऊ शकते. वेळापत्रक मात्र जुळते. कपाशी जूनमध्ये पेरली जाते, कामगंध सापळे पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी लागतात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये. फरदड न घेता पऱ्हाटी डिसेंबरअखेर उपटायची असते. शेतातले आकडे तोवर हाती येतात, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंतचा काळ चंबूंतल्या पिढ्या मोजायला मोकळा राहतो.